एस्पेरांतोत वाक्य कसे रचावे: मराठी भाषकासाठी पायरीपायरीने

एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत शब्द कसेही मांडले तरी चालतात, असे बरेचदा सांगितले जाते. त्यावर विसंबून मराठी माणूस सवयीच्या मांडणीत वाक्ये लिहू लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला अडखळतो. मोकळीक आहे ती कर्ता, कर्म आणि क्रियापद या तीन मोठ्या ठोकळ्यांपुरती. प्रत्येक ठोकळ्याच्या आतली रचना आणि ‘नाही’, ‘फक्त’, ‘सुद्धा’ अशा छोट्या शब्दांच्या जागा बऱ्याच पक्क्या आहेत. नेमक्या तिथेच मराठीची सवय उलटी पडते.

लुडविक झामेनहोफ यांनी ही भाषा १८८७ साली वॉर्सात प्रसिद्ध केली. व्याकरण त्यांनी १६ नियमांत बसवले. त्या १६ नियमांत कर्ता आधी की कर्म आधी, याबद्दल एकही नियम नाही. झामेनहोफ आजच्या पोलंडमधल्या बियावीस्तोकमध्ये वाढले. तिथे रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश अशा चार भाषा कानावर पडत, आणि त्यांतल्या रशियन-पोलिशमध्ये शब्दांची जागा मराठीसारखीच सैल असते. कर्म कोणते हे जागेवरून नव्हे, तर प्रत्ययावरून ओळखायचे. एस्पेरांतोत तो प्रत्यय म्हणजे शेवटचा ‘न’. या एका अक्षरावर सगळी मोकळीक उभी आहे.

आधी वाचनाची सोय

एस्पेरांतो रोमन लिपीत लिहितात. २८ अक्षरे आहेत आणि त्यांतल्या सहांवर टोपी किंवा कंस असतो. इथे उदाहरणे देवनागरीत दिली आहेत. स्वर पाचच, त्यांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. ‘च’ सगळीकडे ‘चिवडा’तला, ‘ज’ सगळीकडे ‘जीव’मधला. ‘चमचा’तल्या चसारखा उच्चार इथे ‘त्स’ असा दाखवला आहे. आघात नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर.

तीन शब्दांपासून सुरुवातीलाच सावध राहा. ‘ला’ हा एस्पेरांतोत नामाच्या आधी येणारा स्वतंत्र शब्द आहे आणि ‘तो ठरावीक, माहितीतला’ एवढेच सांगतो. मराठीतल्या ‘कुत्र्याला’मधल्या ‘ला’शी त्याचा संबंध नाही. ‘ने’ म्हणजे ‘नाही’, कर्त्याला लागणारा आपला ‘ने’ नव्हे. ‘के’ म्हणजे आपला ‘की’. उलट ‘मी’ म्हणजे मीच, तेवढे फुकट मिळाले.

पायरी १: क्रियापद निवडा आणि त्याला एकटे सोडा

मूळ धातू घ्या आणि एकच शेवट लावा. वर्तमानाला ‘आस’, भूतकाळाला ‘इस’, भविष्याला ‘ओस’, ‘झाले असते तर’ या अर्थाला ‘उस’, आज्ञेला किंवा इच्छेला ‘उ’, आणि नुसत्या क्रियेला ‘इ’. ‘लेगी’ म्हणजे वाचणे: लेगास, लेगिस, लेगोस.

मी लेगास, वी लेगास, इली लेगास. मी वाचतो, तुम्ही वाचता, ते वाचतात. पुरुष, लिंग, वचन कशानेही रूप बदलत नाही. ‘वी’मध्ये तू, तुम्ही आणि आदरार्थी आपण तिन्ही येतात. ‘नी’मध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही.

मराठीतली पहिली अडचण भूतकाळात येते. ‘अनिताने आंबा खाल्ला’, ‘अनिताने पोळी खाल्ली’: क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि कर्त्याला ‘ने’ लागतो. त्यामुळे आंबा हाच कर्ता असावा असे हाताला वाटते आणि त्याचा ‘न’ राहून जातो. एस्पेरांतोत काळ कोणताही असो, खाणारी ती कर्ता, खाल्ले जाणारे ते कर्म.

अनिता मान्जिस मांगोन. अनिताने आंबा खाल्ला.

दुसरी अडचण ‘वाचत आहे’ची. मराठीत ‘वाचतो’ आणि ‘वाचत आहे’ वेगळे, म्हणून नवखे लोक दुसऱ्यासाठी ‘एस्तास लेगान्ता’ असे जोडरूप सरसकट वापरतात. चूक म्हणता येणार नाही, पण जड वाटते. साधे ‘लेगास’ दोन्ही अर्थांना पुरते. क्रिया त्याच क्षणी चालू आहे यावर जोर हवा असेल तेव्हाच जोडरूप घ्या.

पायरी २: कर्माला ‘न’ लावा, आणि विशेषणालाही

नामाचा शेवट ‘ओ’, विशेषणाचा ‘आ’, अनेकवचनाला त्यापुढे ‘य’, कर्माला त्याच्याही पुढे ‘न’. क्रम हाच: लिब्रो, लिब्रोय, लिब्रोय्न.

ला बोना क्नाबो लेगास दिकाय्न लिब्रोय्न. तो चांगला मुलगा जाड पुस्तके वाचतो.

मराठीत ‘काळा’, ‘मोठा’ ही विशेषणे बदलतात, पण ‘लाल’, ‘जाड’, ‘सुंदर’ तशीच राहतात. एस्पेरांतोत सवलत नाही. प्रत्येक विशेषण नामाबरोबर ‘य’ही घेते आणि ‘न’ही. संख्या मात्र काहीच घेत नाहीत: ‘दु लिब्रोय्न’, दोन पुस्तके.

मराठीत ‘मी कुत्र्याला पाहिले’ म्हणतो, पण ‘मी झाड पाहिले’. सजीवाला ‘ला’ लागतो, निर्जीवाला बहुधा नाही. ही सवय इतकी खोल असते की ‘मी विदिस ला हुन्दोन’ बरोबर लिहिणारा पुढच्याच ओळीत ‘मी विदिस आर्बो’ लिहून जातो. हवे ‘आर्बोन’. सजीव-निर्जीव पाहू नका, कर्म आहे का तेवढे पाहा.

‘न’ जागेवर असला की ही सहाही वाक्ये एकाच घटनेबद्दल बोलतात:

ला क्नाबो लेगास लिब्रोन.
ला क्नाबो लिब्रोन लेगास.
लिब्रोन लेगास ला क्नाबो.
लिब्रोन ला क्नाबो लेगास.
लेगास ला क्नाबो लिब्रोन.
लेगास लिब्रोन ला क्नाबो.

पहिली मांडणी रोजची. दुसरी आपल्या मराठीसारखी आहे. ती शुद्ध आहे, पण प्रत्येक वाक्य तसे लिहिले तर मजकूर कवितेसारखा किंवा भाषांतरासारखा वाटू लागतो. म्हणून सवय कर्ता, क्रियापद, कर्म याच क्रमाची लावा आणि बाकीच्या पाच मांडण्या कारण असेल तेव्हा वापरा. ते कारण पायरी ८ मध्ये येते.

आपल्याकडच्या नावांची एक खास अडचण आहे. मोहन, किरण, सुमन ही नावे रोमन लिपीत ‘n’ने, म्हणजे याच ‘न’ने संपतात, आणि परक्या नावांना बरेचजण कर्माचा ‘न’ लावतच नाहीत. मग ‘मोहन विदिस किरण’ यात कोणी कोणाला पाहिले हे फक्त क्रमावरून ठरते. उपाय सोपा आहे: नावाआधी एक साधे नाम ठेवा आणि ‘न’ त्याला द्या. ‘मोहन विदिस मिआन आमिकोन किरण’, मोहनने माझ्या मित्राला, किरणला, पाहिले. आता क्रम उलटवला तरी अर्थ ढळत नाही.

हा ‘न’ कशाला हवा, असा वाद एस्पेरांतोच्या जन्मापासून चालू आहे. १९०७ साली तिच्यातून निघालेल्या इदो भाषेत कर्म कर्त्याच्या आधी आले तरच ‘न’ सक्तीचा ठेवला. १९५१ सालच्या इंटरलिंग्वा या दुसऱ्या घडवलेल्या भाषेत नामाला कर्माचा प्रत्ययच नाही, त्यामुळे क्रम पाळावा लागतो. एस्पेरांतोचा नेहमीचा ‘न’ आम्हाला जास्त उपयोगी वाटतो, आणि त्याचे सगळ्यात चांगले उदाहरण मराठीतच सापडते. ‘मी तुझ्यावर भावासारखे प्रेम करतो’ या वाक्यात भाऊ कोण, मी की तू? मराठी गप्प राहते. एस्पेरांतोत ‘मी आमास विन किएल फ्रातो’ म्हटले तर भाऊ मी, आणि ‘किएल फ्रातोन’ म्हटले तर भाऊ तू.

पायरी ३: जिथे ‘न’ नको तिथून तो काढा

‘न’ अंगवळणी पडला की तो नको तिथेही येऊ लागतो. तीन जागा तपासा.

पहिली, ‘एस्ती’ म्हणजे असणे या क्रियापदानंतर. ‘अनिता एस्तास इन्स्त्रुइस्तिनो’, अनिता शिक्षिका आहे. शिक्षिका हे कर्म नव्हे, अनिताचेच वर्णन आहे.

दुसरी, क्रियापदाच्या मागे गेलेला कर्ता. ‘वेनिस गास्तोय’, पाहुणे आले. ‘मान्कास आल मी तेम्पो’, मला वेळ कमी पडतो. ‘सुर ला ताब्लो एस्तास दु लिब्रोय’, टेबलावर दोन पुस्तके आहेत. क्रियापदानंतर आले म्हणून ते कर्म होत नाही. येणारे पाहुणेच आहेत, म्हणून ‘गास्तोय्न’ नको.

तिसरी जागा नाजूक आहे, पण मराठी कान ती लगेच पकडतो. ‘मी लाल दार रंगवले’ आणि ‘मी दार लाल रंगवले’ यांतला फरक आपल्याला सांगावा लागत नाही. पहिल्यात दार आधीच लाल होते, दुसऱ्यात रंगवल्यावर लाल झाले. एस्पेरांतोत पहिले ‘मी फार्बिस ला रुजान पोर्दोन’, दुसरे ‘मी फार्बिस ला पोर्दोन रुजा’. परिणाम सांगणाऱ्या विशेषणाला ‘न’ नाही.

पायरी ४: ठोकळ्याच्या आत आरसा धरा

मराठीत संबंध दाखवणारे सगळे काही नामाच्या मागून येते: घरात, टेबलावर, मित्राबरोबर, तुझ्यासाठी. एस्पेरांतोत ते सगळे आधी येते: एन ला दोमो, सुर ला ताब्लो, कुन आमिको, पोर वी. लांब साखळी असेल तर ती शेवटाकडून सुरू करून उलटी वाचत जा.

अनिताच्या भावाच्या घराचे दार: ला पोर्दो दे ला दोमो दे ला फ्रातो दे अनिता.

दार, घर, भाऊ, अनिता. मराठीच्या बरोबर उलट. डोक्यात भाषांतर करताना साखळीचे शेवटचे नाम आधी उचला, ‘दे’ टाका, त्याच्या आधीचे नाम घ्या, पुन्हा ‘दे’. दोनपेक्षा जास्त ‘दे’ आले तर मात्र वाक्य मोडून दोन करावे, वाचणाऱ्याला दम लागतो.

ठोकळ्यातला पक्का क्रम असा: आधी संबंध दाखवणारा शब्द, मग ‘ला’, मग संख्या, मग विशेषण आणि नाम. विशेषण नामाच्या मागे गेले तरी चालते. पहिले तीन मात्र जागा सोडत नाहीत. ‘मिआ’ (माझा), ‘विआ’ (तुझा) असले की ‘ला’ लागत नाही: ‘मिआ दोमो’, ‘ला मिआ दोमो’ नव्हे.

‘आपला’ या शब्दाचे सुख इथेही मिळते. ‘अनिताने आपल्या बहिणीला बोलावले’ आणि ‘अनिताने तिच्या बहिणीला बोलावले’ यांतला फरक एस्पेरांतो ‘सिआन फ्रातिनोन’ आणि ‘शिआन फ्रातिनोन’ असा ठेवते. दोन ठिकाणी सांभाळा. ‘मी आपले काम करतो’ यातला ‘आपले’ ‘सिआन’ होत नाही, तिथे ‘मिआन’च. आणि ‘सिआ’ कर्त्याच्या ठोकळ्यात बसत नाही. ‘अनिता आणि तिची बहीण आल्या’ हे ‘अनिता काय शिआ फ्रातिनो वेनिस’. इथला ‘काय’ म्हणजे ‘आणि’, प्रश्न नव्हे.

पायरी ५: घरात बसला की घरात शिरला?

मराठीत दोन्हीकडे ‘घरात’. एस्पेरांतो इथे वेगळे वागते. संबंध दाखवणाऱ्या शब्दानंतर सहसा ‘न’ येत नाही, पण एका जागेतून दुसऱ्या जागेत जाणे दाखवायचे असेल तर येतो.

ला कातो साल्तास सुर ला ताब्लो. मांजर टेबलावरच उड्या मारते आहे.
ला कातो साल्तास सुर ला ताब्लोन. मांजर उडी मारून टेबलावर येते.

एन, सुर, सुब (खाली), इन्तेर (दोहोंमध्ये) अशा शब्दांनंतर हा प्रश्न दर वेळी स्वतःला विचारा: जागा बदलली का? ‘आल’ (कडे), ‘जिस’ (पर्यंत), ‘दे’ आणि ‘एल’ (पासून, मधून) यांच्यात दिशा आधीच आहे, म्हणून त्यांच्यानंतर ‘न’ लावायचा नाही. मुंबईला जातो: ‘मी इरास आल मुम्बायो’. ‘आल’ टाळायचा असेल तर ‘मी इरास मुम्बायोन’. दोन्ही एकदम मात्र नकोत.

काळ आणि माप यांनाही ‘न’ लागतो: ‘मी लेगिस दु होरोय्न’, मी दोन तास वाचले. इथे दोन तास हे कर्म नव्हे, तरी ‘न’ आहे. वाचताना गोंधळलात तर विचारा की हे ‘काय’ला उत्तर देते की ‘किती’ला.

पायरी ६: छोटे शब्द ज्याच्यासाठी, त्याच्याच आधी

वाक्य सगळ्यात जास्त बिघडते ते इथे, आणि बिघडलेले वाक्य दिसायला शुद्ध असते. मराठीत ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ शब्दाच्या मागे चिकटतात: मीच, तिलाही, आजसुद्धा. एस्पेरांतोत नुर (फक्त), आन्काउ (सुद्धा, ही), एच (देखील, अगदी) आणि ने हे ज्या शब्दाशी संबंध असेल त्याच्या लगेच आधी येतात.

नुर मी विदिस शिन. फक्त मीच तिला पाहिले.
मी नुर विदिस शिन. मी तिला नुसते पाहिले, बोललो वगैरे नाही.
मी विदिस नुर शिन. मी फक्त तिलाच पाहिले.

‘मीही पाहिले’ याचे ‘मी आन्काउ विदिस’ करू नका. त्याचा अर्थ ‘मी इतर काही केले आणि पाहिलेही’ असा ऐकू येतो. ‘आन्काउ मी विदिस’ असे हवे.

‘ने’चेही तसेच. ‘मी ने विदिस शिन’, मी तिला पाहिले नाही. ‘मी विदिस ने शिन, सेद शिआन फ्रातिनोन’, मी तिला नव्हे, तिच्या बहिणीला पाहिले. मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी जाते, म्हणून ‘मी विदिस शिन ने’ लिहावेसे वाटते. तसे लिहू नका.

‘सगळे आले नाहीत’ हे मराठी वाक्य दोन प्रकारे घेता येते: काही आले, किंवा कोणीच आले नाही. एस्पेरांतोत आधी ठरवावे लागते. काही आले तर ‘ने चिउय वेनिस’. कोणीच नाही तर ‘नेनिउ वेनिस’.

आणि इथेच सगळ्यात मोठा खड्डा. मराठीत ‘कोणीही आले नाही’ म्हणताना ‘नाही’ लागतेच. एस्पेरांतोतल्या ‘नेनिउ’मध्ये नकार आधीच बसलेला आहे. १६ नियमांपैकी बारावा नियम याच्यासाठीच आहे: वाक्यात दुसरा नकारार्थी शब्द असेल तर ‘ने’ गाळावा. ‘नेनिउ ने वेनिस’ म्हणालात तर दोन नकार एकमेकांना खातात आणि अर्थ होतो, ‘न आलेला कोणी नाही’, म्हणजे सगळे आले. एका क्रियापदामागे एकच नकार, हे मोजून पाहा.

पायरी ७: प्रश्न आणि जोडवाक्ये

हो-नाहीचा प्रश्न करायला वाक्य जसेच्या तसे ठेवा आणि आधी ‘चु’ लावा. ‘वी वेनोस’, तू येशील. ‘चु वी वेनोस?’, तू येशील का? आपला ‘का’ शेवटी, ‘चु’ सुरुवातीला. क्रियापद हलवायचे नाही.

प्रश्नवाचक शब्द मराठीत आपल्या जागी राहतो: ‘तू काल काय खाल्लेस?’ एस्पेरांतोत तो पुढे येतो, आणि येताना आपला ‘न’ घेऊन येतो: ‘किओन वी मान्जिस हिएराउ?’ संबंधाचा शब्द असेल तर तोही बरोबर पुढे: ‘कुन किउ वी वेनिस?’, तू कोणाबरोबर आलास? ‘कुन’ मागे सोडता येत नाही.

हे प्रश्नवाचक ज्यात बसतात तो ४५ शब्दांचा तक्ता मराठी माणसाला फारसा परका नाही. आपल्याकडे कधी, जेव्हा, तेव्हा. तिकडे कियाम, तियाम. आपल्याकडे कुठे, जिथे, तिथे. तिकडे किए, तिए. फरक असा की आपले ‘क’ आणि ‘ज’ हे दोन्ही गट एस्पेरांतोतल्या एकाच ‘कि’ने चालवले आहेत. ‘जो’ आणि ‘कोण’ दोन्ही ‘किउ’. म्हणून ‘किउ सेर्चास, तिउ त्रोवास’ ही म्हण आपल्याला लगेच कळते: जो शोधतो, त्याला सापडते.

पण नाम मध्ये आले की ही मराठी मांडणी सोडा. ‘जो मुलगा तिथे उभा आहे, तो माझा भाऊ आहे’ याचे ‘किउ क्नाबो स्तारास तिए…’ असे केलेत, तर ऐकणाऱ्याला ‘कोणता मुलगा तिथे उभा आहे?’ असा प्रश्न सुरू झाल्यासारखे वाटते. नाम आधी, ‘किउ’ नंतर: ‘ला क्नाबो, किउ स्तारास तिए, एस्तास मिआ फ्रातो.’ ‘किउ’ला ‘न’ लागेल का, हे त्याच्या स्वतःच्या छोट्या वाक्यावरून ठरते, मोठ्या वाक्यावरून नाही.

‘की’च्या वाक्यांत काळाबद्दल काळजी नको. ‘तो म्हणाला की तो येईल’: ‘ली दिरिस, के ली वेनोस’. बोलताना जो काळ होता तोच राहतो, मराठीसारखाच. सर्वनाम मात्र तपासा. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘तो म्हणाला की मी येईन’, आणि ‘मी’ म्हणजे तोच असतो. एस्पेरांतोत ‘के मी वेनोस’ म्हटले तर येणारे तुम्ही. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ यातल्या ‘यावेस’ला ‘उ’चा शेवट अगदी फिट बसतो: ‘मी वोलास, के वी वेनु’.

‘तू आलास हे बरे झाले’ यात कर्ता हे नाम नसून अख्खे वाक्य आहे. अशा वेळी विशेषणाचा ‘आ’ नको, ‘ए’ घ्या: ‘एस्तास बोने, के वी वेनिस’.

‘ऊन’ने जोडलेली क्रियापदे मराठीत किती सहज येतात: घरी जाऊन, जेवून, झोपलो. एस्पेरांतोत यासाठी ‘इन्ते’चे रूप आहे, पण बोलताना क्रियापदे ओळीने मांडणेच बरे: ‘मी इरिस हेय्मेन, मान्जिस काय एन्दोर्मिजिस’. ‘इन्ते’ वापरायचेच असेल तर दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा. ‘पाऊस पडून रस्ते ओले झाले’ हे त्या रूपात बसत नाही, कारण पडला पाऊस आणि ओले झाले रस्ते. तिथे ‘चार’ (कारण) वापरा: ‘चार प्लुविस, ला स्त्रातोय माल्सेकिजिस’. ‘प्लुविस’ला कर्ताच नाही. पाऊस पडला, एवढे सगळे त्या एका शब्दात आहे.

‘मला’ने सुरू होणारी वाक्ये

मला आंबा आवडतो, मला भूक लागली, मला ताप आहे, माझ्याकडे पैसे आहेत. मराठीत अनुभव माणसाकडे येतो, माणूस कर्ता नसतो. एस्पेरांतोत यांतल्या बहुतेक वाक्यांत माणूसच कर्ता: ‘मी शातास मांगोन’, ‘मी माल्सातास’, ‘मी हावास फेब्रोन’, ‘मी हावास मोनोन’. मराठी ढब टिकवायची असेल तर ‘आल मी प्लाचास मांगोय’ म्हणता येते. मग आंबे कर्ता होतात आणि ‘न’ जातो. ‘आल मी प्लाचास मांगोय्न’ अशी खिचडी करू नका.

पायरी ८: आता क्रम बदला

मोकळीक कशासाठी वापरायची, हा प्रश्न उरला. मराठीत ज्या शब्दावर जोर, तो क्रियापदाच्या लगेच आधी येतो. ‘आंबा कोणी खाल्ला?’ ‘आंबा अनिताने खाल्ला.’ एस्पेरांतोचा कल वेगळा आहे: माहीत असलेले आधी, नवे शेवटी.

किउ मान्जिस ला मांगोन? ला मांगोन मान्जिस अनिता.

तोच प्रश्न ‘अनिताने काय खाल्ले?’ असा असता तर उत्तर ‘अनिता मान्जिस ला मांगोन’. वाक्य लिहिण्याआधी मनात प्रश्न ठरवा, त्याचे उत्तर असलेला शब्द शेवटी न्या, आणि ‘न’ ज्याचा त्याच्याकडे ठेवा. असे केले की मराठी क्रम एस्पेरांतोत लादला जात नाही आणि वाक्य सपाटही होत नाही. एखादी मांडणी खरोखर वापरात आहे का, अशी शंका आली तर इंटरनेटवरच्या तेक्स्तारो या मोफत मजकूरसंग्रहात शोधून पाहा. झामेनहोफ यांचे लेखनही त्यात आहे.

एक वाक्य सुरुवातीपासून

‘काल दुकानात भेटलेल्या माणसाने मला हे जुने पुस्तक दिले.’

मुख्य क्रियापद: दिले, ‘दोनिस’. देणारा: माणूस, ‘ला विरो’. दिलेली वस्तू: हे जुने पुस्तक, ‘ची तिउन मालनोवान लिब्रोन’, तिन्ही शब्दांच्या शेवटी ‘न’, फक्त ‘ची’ तसाच. कोणाला: ‘आल मी’. आता माणसाच्या आधी असलेले ‘काल दुकानात भेटलेल्या’ उचलून त्याच्या मागे न्या. मी त्याला भेटलो, म्हणून त्या छोट्या वाक्यात तो कर्म: ‘किउन मी रेन्कोन्तिस’. काल, ‘हिएराउ’. दुकानात, ‘एन ला वेन्देयो’. भेट दुकानातच झाली, जागा बदलली नाही, म्हणून इथे ‘न’ नाही.

ला विरो, किउन मी रेन्कोन्तिस हिएराउ एन ला वेन्देयो, दोनिस आल मी ची तिउन मालनोवान लिब्रोन.

आणि कोणी ‘हे जुने पुस्तक तुला कोणी दिले?’ असे विचारले, तर तेच शब्द, तेच ‘न’, फक्त माणूस शेवटी:

ची तिउन मालनोवान लिब्रोन दोनिस आल मी ला विरो, किउन मी रेन्कोन्तिस हिएराउ एन ला वेन्देयो.